ताण पेलण्याच्या चाचण्या आणि इंदूरचा जुना धसका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदुरात ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हटलं की लोक आधी नाहीच म्हणतात. त्याला कारणही तसंच आहे. २०१०-११ च्या सुमारास इथल्या औषधचाचण्यांचं प्रकरण उघडकीस आलं. आपल्यावर कसली चाचणी चालली आहे हे कित्येक रुग्णांना ठाऊकच नव्हतं, असे आरोप झाले. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि त्यानंतर देशभरातले नियम बदलले. चाचणीत इजा झाली तर भरपाई, नैतिक समित्यांची (म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित पाहून चाचणीला मंजुरी देणाऱ्या समित्यांची) नोंदणी, काही चाचण्यांत संमती घेतानाचं चित्रीकरण, हे सगळं २०१३ पासून येत गेलं आणि २०१९ च्या नव्या नियमांत पक्कं झालं. आपल्या शहरानं भांडून मिळवलेली ही गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

पण त्याच धसक्यापायी आपण अगदी वेगळ्या प्रकारच्या चाचण्यांनाही दार लावून बसलो आहोत, म्हणून हे पत्र. या चाचण्यांत गोळी नसते, इंजेक्शन नसतं. जुनं दुखणं, नैराश्य किंवा घरातल्या रुग्णाची वर्षानुवर्षं सेवा यातून येणारा ताण कसा पेलायचा, हे त्यात शिकवतात. श्वासाचे व्यायाम, दिवसाची आखणी, रुग्ण चिडला तर आपण काय करायचं, मदत कुणाकडे मागायची, असं सगळं. आणि या शिकवण्यानं खरोखर फरक पडतो का, ते औषधाइतक्याच काटेकोरपणे तपासतात.

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठीच्या एका अभ्यासात मी नाव दिलं, तेव्हा भिशीतल्या मैत्रिणी एका सुरात म्हणाल्या, “कशाला? तुझ्यावर प्रयोग करतील.” पुढे माझं नाव शिकवणीच्या गटात न येता नेहमीच्या उपचारांच्या गटात आलं, तेव्हा तर “बघ, फसवलं की नाही?” असंच झालं. हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, आणि ते काम बहुधा संगणक करतो. डॉक्टरांच्या मर्जीचा किंवा ओळखीपाळखीचा तिथे संबंध येत नाही. माणूस मदत मागायला येतो तो बहुतेक वेळा अगदी टेकीला आल्यावर. त्यानंतर काही जणांना काहीच न शिकवताही थोडं बरं वाटू लागतं. मग शिकवणीमुळे किती फरक पडला, हे दुसरा गट असल्याशिवाय कळणार कसं?

गोव्यातलं उदाहरण घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यानं ग्रासलेल्या ४९५ जणांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशनही मिळालं. ते करणारे कुणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हा ३९ चा आकडा दुसऱ्या गटातल्यांनी चिकाटीनं उत्तरं दिली म्हणून हाती आला. तो नसता तर ६४ चं कौतुक कशाच्या आधारावर करायचं? पुढे आपल्याच मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हेच समुपदेशन शिकवलं गेलं. इंग्लंडमध्ये लंडन आणि एसेक्स भागात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या २६० जणांवरही असा अभ्यास झाला. आठ बैठकांच्या शिकवणीनं त्यांचं नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातही शिकवणी न मिळालेले लोक होतेच. म्हणून आपल्याला काही मिळालं नाही म्हणून मधेच फोन उचलणं बंद करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मला प्रश्न विचारायला फोन करणारी मुलगी आधी म्हणायची, “आंटीजी, आप किस ग्रुप में हैं, ये मुझे मत बताइएगा.” गट कळला तर नकळत तिची नोंद झुकेल, म्हणून ही काळजी. हा काटेकोरपणा पाहून माझा विश्वास वाढला.

एक गोष्ट मात्र मला फार खटकली आणि ती संशोधकांनी मनावर घ्यायला हवी. रुग्णाला सांभाळणाऱ्यांवर किती भार पडतो ते मोजायला जगभर वापरली जाणारी झारिट नावाची बावीस प्रश्नांची यादी आहे. रुग्णाचा राग येतो का, ही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवावीशी वाटते का, असे प्रश्न त्यात असतात. आमच्याकडे पहिल्या वेळी हे विचारलं गेलं जेवणाच्या टेबलावर, सासूबाई शेजारी वाटीतला भात चिवडत होत्या आणि नणंद समोर मटार सोलत होती. खरं उत्तर कोण देईल? घरातली प्रत्येक सून अशा वेळी “नाही हो, कधीच नाही” म्हणणार आणि संशोधनात तेच उतरणार. बाईला एकटीला, बंद खोलीत किंवा केंद्रावर बोलावून विचारलं पाहिजे.

बोलण्यानं काही बिघडत नाही, असंही समजू नये. जुनी दुःखं उकरली जातात. कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर पुढे काय, याची सोय अभ्यासात असायलाच हवी. सही करण्याआधी ते विचारा. संमतीपत्राची प्रत घ्या, त्यावर नैतिक समितीचा संपर्क आहे का ते पाहा. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे आपले उपचार थांबत नाहीत, हे लेखी असतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर अभ्यासाची नोंदणी कुणालाही फुकट पाहता येते. आणि शेवटी निष्पत्ती काय झाली, ते आम्हाला आमच्या भाषेत कळवाल का, हेही विचारा. उत्तरं आम्ही द्यायची आणि निकाल मात्र इंग्रजी नियतकालिकात, हे मला पटत नाही.

आपल्या वृत्तपत्रानं इंदुरात सुरू असलेल्या अशा नोंदणीकृत चाचण्यांची माहिती, नोंदणी क्रमांकासह, महिन्यातून एकदा छापावी. इथल्या मराठी मंडळांनी संशोधकांना बोलावून ज्येष्ठांसमोर बसवावं आणि लोकांना हवे तेवढे प्रश्न विचारू द्यावेत. आमची भिशी मी घेऊन येईन.

आपली,
एक वाचक
लोकमान्यनगर, इंदूर