जोधपूरला जातेच आहेस तर

चि. वैष्णवी हिस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजची सहल जोधपूरला जाणार म्हणालीस आणि मी बोलायला लागलो तर म्हणे, "बाबा, लेक्चर आहे, लिहून ठेवा." तर लिहून ठेवतो. सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आहे, वावरात सध्या रानडुकरं हाकलण्यापलीकडे काम नाही. सवड आहे.

माझं जाणं झालं ते कास्तकारांच्या अभ्यासदौऱ्यात. तिथं काझरी म्हणून कोरड्या मुलखातल्या शेतीचं संशोधन करणारी मोठी संस्था आहे, 1959 पासूनची. ती पाहून झाल्यावर शहर पाहिलं. त्यामुळे माझी नजर कास्तकाराचीच राहिली हे धरून वाच. राजवाड्यातले आरसे, पालख्या, हौदे तुला गाइड दाखवेलच.

मेहरानगड लांबूनच दिसतो. सपाट मुलखात एकच उंच काळपट-तांबडा खडक आणि त्याच्यावर तितकीच उंच भिंत, खडक कुठं संपला अन् भिंत कुठं सुरू झाली ते चटकन कळत नाही. राव जोधांनी 1459 मध्ये जुनी राजधानी मंडोर सोडून इथं पाया घातला. आमच्या दौऱ्यातला एक म्हातारा खाली उभा राहून म्हणाला, "राजानं पाणी नाही पाह्यलं का गा आधी?" सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. तिथली दंतकथाही हेच सांगते. डोंगरावर झऱ्याकाठी चिडियानाथ नावाचा साधू राहायचा, त्याला उठवलं, तर जाताना शाप देऊन गेला की तुझ्या राज्यात पाण्याचे वांधे होतील. जोधांनी मग त्याच्यासाठी देऊळ बांधलं. शाप काही फिटला नाही. शापबिप मी मानत नाही, पण ज्याचं पाणी होतं त्याला उठवून गड बांधला, एवढं त्या गोष्टीत खरं असावं.

दुसरी गोष्ट तू विचारल्याशिवाय कोणी सांगेल असं नाही. गड टिकावा म्हणून पायाभरणीत राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला जिवंत पुरलं, असं सांगतात. गडावर त्याच्या नावाची खूण आहे, ती शोध. आजी विहिरीच्या बळीची गोष्ट सांगायची तेव्हा तू रडायचीस. तिथं उभं राहिल्यावर मला तेच आठवलं. लोहापोळ दरवाजाजवळ भिंतीवर बायकांच्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर लावलेले. 1843 मध्ये महाराज मानसिंह वारले तेव्हा सती गेलेल्या राण्यांचे. लोक नमस्कार करतात. मी नाही केला. तू काय करायचं ते तू ठरव.

आता ज्याच्यासाठी हा कागद घेतला ते. जोधपूरचं पाणी बरंचसं बायकांनी बांधलेलं आहे. गडाच्या पायथ्याशी राणीसर तलाव, तो जोधांची राणी जसमादे हाडी हिने बांधवला. शेजारी पदमसर. वरचा भरला की जास्तीचं पाणी खालच्यात उतरतं. शहरात तूरजी का झालरा म्हणून पायऱ्यांची विहीर आहे, ती महाराज अभयसिंहांच्या तंवर राणीची, 1740 च्या आसपासची. गुलाबसागर बांधवला गुलाबरायने, ती तर राणीही नव्हती, महाराज विजयसिंहांची पासवान, म्हणजे लग्नाविना ठेवलेली बाई होती. पुढे 1792 मध्ये सरदारांनी तिचा खून केला. तिचा तलाव मात्र आजही शहराच्या मधोमध आहे. (हेच ते विजयसिंह, ज्यांच्यावर जयाप्पा शिंदे चालून गेले आणि 1755 मध्ये नागौरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून मेले. मराठ्यांना तिथं कोणी प्रेमाने आठवत असेल असं समजू नकोस. आपण गादीच्या भांडणात त्यांच्या चुलतभावाची बाजू घेऊन खंडणीसाठी गेलो होतो.)

अभयसिंहांचंच आणखी एक. 1730 मध्ये त्यांच्या नव्या महालाच्या चुन्याची भट्टी लावायला लाकूड हवं होतं. माणसं खेजडली गावात खेजडीची झाडं तोडायला गेली. खेजडी म्हणजे आपली शमी. बिश्नोई लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, आधी अमृतादेवी, मग एकामागून एक, 363 माणसं कापली गेली. गाव शहरापासून तासाभराच्या आत आहे. सहलीच्या यादीत नसेल तर सरांना सांगून घालून घ्या. एकाच राजाच्या नावावर हे चुन्याचं लाकूड आहे आणि त्याच्याच राणीच्या नावावर ती विहीर. दोन्ही पाहिल्याशिवाय जोधपूर पाहिलं म्हणू नये.

गडाच्या मागे राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिथल्या खडकावर वेडी बाभूळ माजली होती, ती मुळासकट काढायला खाणीतले दगडफोडे लावले, छिन्नी-हातोड्याने. मग तिथलीच झुडपं लावली. त्यात खडक फोडून केलेला एक पाण्याचा पाट आहे, डोंगरमाथ्यावरचा पाऊस किल्ल्याखालच्या तळ्याकडे नेणारा. त्यातून आता पायवाट जाते. तू सिव्हिलची, तुला तो किल्ल्यापेक्षा आवडेल.

उमेद भवनही दाखवतील. 347 खोल्या, चुना न भरता दगडात दगड अडकवून बांधलेला. 1929 ला काम सुरू झालं, 1943 ला संपलं. आत एका भागात हॉटेल आहे, एका भागात राजघराणं राहतं, उरलेल्यात संग्रहालय. गाइड सांगतो की दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून महाराज उमेदसिंहांनी तो काढला. ते खरंही आहे. मी ऐकत होतो आणि मला आपले आबा दिसत होते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले, मिलो ज्वारीची भाकर अन् सुकडी खाऊन. मिलोचं नाव काढलं की शेवटपर्यंत तोंड वाकडं करायचे. आपल्या गावचा पाझर तलाव त्याच कामातला. तो आटला तरी खालच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी असतं. मजुरी दोन्हीकडे पोटापुरतीच मिळाली असेल. पण मजुरीतून उभं काय राहिलं, तिथं फरक आहे. आमच्यातले काही जण म्हणाले, हॉटेलामुळे आज किती लोकांची पोटं भरतात. तेही खोटं नाही. मी तरी पाझर तलावाच्या बाजूचा.

एक गंमत ऐक. सतलज-बियासचं पाणी कालव्याने उचलून आता जोधपूरच्या कायलाना तलावात येतं. नळ आले, लोकांनी विहिरी-बावड्या उपसणं सोडलं, आणि जुन्या शहरात तळघरांमध्ये पाणी पाझरायला लागलं. वाळवंटातलं शहर, आणि पंप लावून पाणी बाहेर फेकतात! पाणी आणलं की काम संपत नाही, हे तुमच्या पुस्तकात आहे का?

आता काम सांगतो. आपल्या मारुतीमागची पायविहीर तुला माहीतच आहे, अर्धी प्लास्टिकने भरलेली. मागच्या ग्रामसभेत ठराव आला की ती बुजवून वर सभामंडप बांधायचा. मी आणि दोघं-तिघं आडवे गेलो म्हणून पुढे ढकलला. तूरजीचा झालराही असाच वर्षानुवर्षं घाण पाण्यात बुडालेला होता. अलीकडे उपसला, आता पोरं वरून उड्या मारतात, भोवती दुकानं चालतात. तू तिथं फोटो काढशीलच, पण टेप घेऊन जा. पायरीची रुंदी, उंची, कोपऱ्यात पायऱ्या कशा वळवल्या, पाणी कुठून येतं, गटारं कशी दूर ठेवली, सगळं वहीत काढून आण. शेजारच्या दुकानदारांना विचार गाळ कसा काढला, किती दिवस लागले. मारवाडी माणूस बोलका असतो, आपल्या बाजारपेठेतल्यांवरून तुला ठाऊक आहेच.

खाण्याचं म्हणशील तर मिर्ची वडा खा, आपल्या ठेच्यापुढे काहीच नाही. मखनिया लस्सी एक दोघींत घ्या, फार जड असते. केर-सांगरी मिळाली तर आईसाठी पावशेर वाळलेली आण, सांगरी त्याच शमीच्या शेंगा. गडावर चढताना चपला नको, बूट घाल, आणि पाण्याची बाटली स्वतःची ने.

तूर निघेपर्यंत माझ्या हातात काही नाही, पण सहलीचे पैसे आईने कापसाच्या पहिल्या वेच्यातून वेगळे काढले आहेत, सोमवारी खात्यावर टाकतो. पुढची ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. त्याच्या आठ दिवस आधी तुझा कागद सरपंचांच्या हातात पडायला पाहिजे, आणि जमलं तर त्या दिवशी तूच ये. मी बोललो तर म्हणतात, "याला काय कळते इंजिनेरीतलं."

तुझे बाबा