एकट्या प्रवाशाची कॅरव्हान: रुंदीपेक्षा आधार महत्त्वाचा

संपादक महोदय,

कॅरव्हानमधून, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरातून, प्रवास करण्याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, परंतु त्या लेखनातला प्रवासी बहुधा धडधाकट असतो, किंवा त्याच्या मदतीला कोणीतरी सोबत असते. काठीच्या आधाराने चालणाऱ्या, कंबर किंवा गुडघे पुरेसे न वाकणाऱ्या आणि तरीही एकट्यानेच निघू इच्छिणाऱ्या माणसाचा विचार त्यात क्वचितच होतो. विचारलेच, तर ‘मोठी गाडी घ्या’ असा सल्ला मिळतो, आणि माझ्या मते तो बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे.

चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, त्यामुळे आतही खुर्चीतच वावरावे लागणाऱ्यांना छोटी कॅरव्हान पुरणार नाही, हे मान्य करायलाच हवे. मात्र आधार धरून चार पावले टाकता येणाऱ्या माणसाला अरुंद जागाच अधिक सोयीची पडते, कारण तिथे दोन्ही बाजूंना हात पोहोचतो. प्रश्न एवढाच, की पोहोचलेल्या हाताला धरण्याजोगे काही सापडते का.

भिंतीवर आधारदांडा बसवणे हे सोपे काम समजले जाते. कॅरव्हानमध्ये ते तसे नाही. तिची भिंत म्हणजे बहुधा दोन पातळ पत्र्यांच्या किंवा प्लायवूडच्या थरांमध्ये भरलेला फोम असतो आणि लाकडी किंवा धातूची चौकट ठरावीक ठिकाणीच असते. नुसत्या प्लायमध्ये पिळलेला स्क्रू माणसाचा भार पेलत नाही. तो नेमका तोल जाताना उपटून येतो. म्हणून दांडा चौकटीतच बसवावा, अथवा मागे रुंद पट्टी देऊन आरपार बोल्टने आवळावा आणि बाहेरचे भोक नीट सीलबंद करावे, नाहीतर आत झिरपलेले पाणी भिंतच कुजवते. दांड्याची जागा मात्र नकाशावर ठरवू नये. ज्याला तिथे राहायचे आहे त्याने दारातून आत यावे, वळावे, बसावे, पुन्हा उठावे, आणि प्रत्येक वेळी हात आपोआप जिथे टेकतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. बाहेर पडताना अनेकांना पाठमोरे उतरणे सुरक्षित वाटते, त्यामुळे दाराजवळच्या खुणा आत येतानाच्या खुणांशी जुळतीलच असे नाही.

दुसरी मोठी अडचण पलंगाची. अनेक छोट्या कॅरव्हानमध्ये रोज रात्री टेबलाची फळी उतरवून ती दोन बैठकांच्या मध्ये बसवावी लागते, वर गाद्या रचाव्या लागतात आणि सकाळी हे सारे उलट्या क्रमाने करावे लागते. दुखऱ्या सांध्यांनी, वाकून, एकट्याने! एकट्या प्रवाशाला समोरासमोरच्या दोन बैठका लागतच नाहीत. एका बाजूला कायमचा पलंग ठेवावा आणि त्याची उंची गादीवर बसून मोजावी, कारण फोम दबतो; पावले जमिनीवर सपाट टेकली आणि गुडघे नितंबांपेक्षा किंचित खाली राहिले, तर उठणे सोपे जाते. बहुतेकांना पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटरची उंची मानवते. पलंगाखालचे सामान गादी उचलून काढावे लागू नये, त्यासाठी समोरून ओढता येणारे आणि प्रवासात आपोआप न उघडणारे खण हवेत. दुसऱ्या बाजूला गुडघे आत जातील असा ओटा आणि पुढे झुकलेली उंच बैठक ठेवली, तर उभे न राहता स्वयंपाक करता येतो. बैठक काढण्यापूर्वी मात्र तिच्या पोटात बॅटरी, हीटर किंवा पाण्याची टाकी दडलेली नाही ना, हे पाहावे.

असे बदल केल्यावर वजनाचा तोल ढळतो. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात आणि गाडी पुन्हा वजन करून घ्यावी, कारण कमाल परवानगीच्या वजनात नवा दांडाही धरला जातो. पाण्याचेही तसेच: वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, तेव्हा तो उचलण्यापेक्षा पाइपने टाकी भरावी, आणि शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी, बाहेर काढता येणारी टाकी, काठोकाठ भरण्याची वाट न पाहता अर्ध्यावरच रिकामी करावी. घसरू नये म्हणून जमिनीवर चटई अंथरताना तळाची वायुछिद्रे झाकली जाणार नाहीत याकडे कटाक्षाने लक्ष द्यावे. द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो त्याच छिद्रांतून बाहेर पडतो.

पडल्यावर जमिनीवरूनही हाती येईल अशा जागी फोन ठेवणे आणि दार अडले तर कोणत्या खिडकीतून बाहेर पडता येईल हे निघण्यापूर्वी प्रत्यक्ष करून पाहणे, या दोन गोष्टी एकट्या प्रवाशाने टाळू नयेत.

कॅरव्हान बनवणाऱ्यांकडे माझे मागणे मोठे नाही. त्यांच्या माहितीपत्रकात गाडीत किती जण झोपू शकतात हे ठळकपणे दिलेले असते. त्याच पानावर दाराची मोकळी रुंदी, जमिनीपासून उंबऱ्याची उंची, पलंगाची उंची आणि भिंतीत चौकट नेमकी कुठे आहे याचा आराखडाही छापावा.

आपला विश्वासू,
एक वाचक