परराष्ट्रमंत्री साहेब, आफ्रिकेतल्या पोरांना कर्ज नको, पहिलं भांडवल द्या

मा. परराष्ट्रमंत्री साहेब,
नमस्कार.

नैरोबीहून लिहितोय. इथे इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्याचे हिशोब बघतो, आणि शनिवार-रविवारी आजूबाजूच्या वस्त्यांमधली पोरंपोरी ग्रँटचे फॉर्म घेऊन येतात त्यांना मदत करतो, म्हणजे खर्चाचा अंदाज काढायचा, एक्सेल शीट करायची, टॅक्सचा पिन काढायचा असलं सगळं. याच्यापलीकडे माझी काही ओळख नाही. मराठीत लिहितोय कारण इंग्रजीत लिहायला बसलो की मीच सरकारी अर्जासारखं बोलायला लागतो.

तर विषय असा आहे की भारत आफ्रिकेला पैसा देतो, चांगला देतो, पण तो सगळा वरच्या वर फिरतो. 2015 ला दिल्लीत इंडिया-आफ्रिका समिट झाली तेव्हा 10 अब्ज डॉलरचं सवलतीचं कर्ज, 60 कोटी डॉलरचं अनुदान आणि 50 हजार स्कॉलरशिप जाहीर झाल्या. भारत सरकारच्या एक्झिम बँकेच्या लाइन ऑफ क्रेडिटचा (म्हणजे सरकारांना ठरावीक मर्यादेपर्यंत मिळणाऱ्या कर्जाचा) आकडा आज 12 अब्ज डॉलरच्या वर गेलाय. त्यातून वीज, पाणी, रेल्वेची कामं होतात, ती हवीतच, मी कोण नको म्हणणारा. पण स्कॉलरशिपवर पुण्यात येऊन बीकॉम नाहीतर एमबीए करून, तीन वर्षं कोंढव्यात नाहीतर विमाननगरात राहून, रिक्षावाल्याशी मराठीत घासाघीस करायला शिकून जो पोरगा परत इथे येतो, त्याला धंदा काढायला पहिले तीन-चार लाख रुपये द्यायला कोणी नाही. आपण त्याला शिकवलं आणि विमानात बसवून दिलं, पुढे काय झालं ते कोणी विचारत नाही.

इथली बँक तारण मागते, म्हणजे जमिनीचे कागद नाहीतर गाडीचं लॉगबुक (आपलं आरसी बुक). बावीस वर्षांच्या पोरीकडे यातलं काय असणार? केनिया सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये हसलर फंड काढला, व्याज वर्षाला फक्त 8 टक्के, ऐकायला झकास, पण वैयक्तिक कर्ज सुरू होतं 500 शिलिंगपासून आणि फेडायचं चौदा दिवसांत. चौदा दिवसांत भाजी विकून पैसे फिरतील, मशीन घेऊन काहीतरी बनवायचं असेल तर नाही ना फिरत. मग पोरं चामाकडे जातात (आपली भिशीच ती, फरक काही नाही), आणि चामाची उडी तरी केवढी असणार.

आणि मी ज्या धंद्यांबद्दल बोलतोय ते नुसते दुकान टाकण्याचे नाहीत. नझांबी माटे ही इथलीच मुलगी, डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी सोडून आईच्या परसात प्रयोग करत बसली आणि प्लास्टिकचा कचरा आणि वाळू मिसळून फरसबंदीचे ब्लॉक बनवायला लागली, 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने तिला यंग चॅम्पियन म्हणून गौरवलं. लागोसमध्ये वीसायकलर्स आहे, कचऱ्याच्या गाड्या जिथे पोचत नाहीत त्या वस्त्यांमधून सायकलींवर प्लास्टिक गोळा करतात आणि लोकांना त्याबद्दल पॉइंट देतात, पॉइंटवर घरातल्या वस्तू मिळतात. नायजेरियातच कोल्डहब्स आहे, बाजारातच सोलरवर चालणारी थंड खोली, शेतकऱ्याने क्रेट ठेवायचं आणि दिवसाला क्रेटमागे भाडं द्यायचं, बस्स. आमच्याकडे नारायणगावला टोमॅटो रस्त्यावर ओतलेले ज्याने पाहिलेत त्याला ही आयडिया समजावून सांगायला लागत नाही. असे धंदे पैसेही कमावतात आणि गल्लीचं कामही करतात. पण पहिल्या एक-दोन वर्षांत यातून गुंतवणूकदाराला हवा तसला नफा निघत नाही म्हणून तो येत नाही, बँक तर नाहीच, एनजीओवाले म्हणतात हा धंदा आहे आमचं काम नाही, असं करत करत पोरगं शेवटी बोडा-बोडा, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, चालवायला लागतं. (ती मोटारसायकलही बऱ्याचदा आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर असते, म्हणजे आपला माल खपतो, तेवढं एक बरं.)

रक्कम मोठी लागते असंही नाही. युगांडाचा अँड्र्यू मुपुया 2008 मध्ये शाळेत असताना कागदी पिशव्यांचा धंदा सुरू करायला निघाला, भांडवल लागणार होतं 36 हजार युगांडन शिलिंग म्हणजे तेव्हाचे साधारण 14 डॉलर, त्यातले 28 हजार त्याने प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करून विकून उभे केले आणि बाकीचे मास्तरांकडून उसने घेतले. 2012 मध्ये त्यालाच अंझिशा प्राइज, म्हणजे आफ्रिकेतल्या तरुण उद्योजकांचं बक्षीस, मिळालं. टोनी एलुमेलू या नायजेरियन बँकवाल्याने 2015 पासून प्रत्येकी 5 हजार डॉलर, परत न करायचे, असं दहा वर्षांत दहा हजार लोकांना द्यायचा कार्यक्रम घेतला, सगळ्या 54 देशांसाठी. एक माणूस हे करू शकतो, आणि आपण तर देश आहोत.

तुमचे अधिकारी विचारतील की फुकटचा पैसा खाऊन टाकला तर? रास्त प्रश्न आहे. 2011 मध्ये नायजेरियाच्या सरकारने यूविन नावाची बिझनेस प्लॅनची स्पर्धा काढली, 24 हजारांच्या आसपास अर्ज आले, 1,200 जणांना सरासरी 50 हजार डॉलर दिले, तेही टप्प्याटप्प्याने. नायजेरिया आणि सरकारी पैसा म्हटलं की आपण लगेच नाक मुरडणार. पण त्यांनी एक शहाणपणा केला, अगदी वरचे प्लॅन सरळ निवडले आणि बाकीच्या सातशेच्या वर जागा अंतिम फेरीतल्या लोकांमधून चक्क लॉटरी काढून भरल्या. त्यामुळे वर्ल्ड बँकेच्या डेव्हिड मॅकेंझीला चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले यांची तुलना करता आली. तीन वर्षांनी पाहिलं तर नवीन धंदा काढणाऱ्यांमध्ये धंदा चालू असण्याची शक्यता 37 टक्के-पॉइंटने वाढलेली, आणि दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असण्याची 23 ने, धंदा आधीपासून असलेल्यांमध्ये दहा माणसांची शक्यता 21 ने. एकूण सात हजारांच्या आसपास नोकऱ्या. आणि पुढे त्याच डेटावरून असंही दिसलं की परीक्षकांनी प्लॅनला दिलेले मार्क आणि विजेत्यांचं पुढचं यश यांचा फारसा संबंध नाही! म्हणजे गुळगुळीत इंग्रजीत प्लॅन लिहिणाऱ्याला वर काढायचं आणि हाताने काम करणारीला खाली ठेवायचं, हे जे सगळीकडे चालतं त्याला तसा आधार नाहीच.

दुसरी बाजूही सांगतो, लपवत नाही. उत्तर युगांडात 2008 च्या सुमारास तरुणांच्या गटांना माणशी 380 डॉलरच्या आसपास दिले होते, चार वर्षांनी त्यांची कमाई 38 टक्क्यांनी जास्त होती, पण नऊ वर्षांनी पाहिलं तर ज्यांना पैसे मिळाले नव्हते तेही कमाईत त्यांच्या बरोबरीला आले होते. म्हणून ग्रँटने गरिबी हटते वगैरे मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की नाहीतर तिशी उजाडल्यावर जमलं असतं ते विशीत जमतं, आणि ज्या खंडात निम्मी माणसं साधारण एकोणीस वर्षांच्या आतली आहेत तिथे हे थोडं नाही.

सगळ्यात जास्त वैताग कागदांचा आहे. एका ग्रँटच्या फॉर्मात दोन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब मागितले होते, नवीन धंद्यासाठी! दुसऱ्या एका ग्रँटचे पैसे मंजूर होऊन इतक्या उशिरा आले की तोवर पावसाळा संपला, आणि त्या पोरांचा धंदा होता पावसाचं पाणी साठवायच्या टाक्यांचा. घरोघरी कचरा उचलणाऱ्या यूथ ग्रुपचा सगळा हिशोब एमपेसाच्या (मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सोय) मेसेजमध्ये असतो, कोणी किती दिले, कोणी बुडवले, सगळं तारखेसकट. तो हिशोब ग्राह्य धरा. तो कुठल्याही सीएच्या सहीपेक्षा खरा असतो, आणि हे मी हिशोबनीस म्हणून सांगतोय.

आता मागणी. 5 हजार डॉलरचे एक हजार ग्रँट धरले तर 50 लाख डॉलर होतात. 2015 च्या त्या अनुदानात इंडिया-आफ्रिका डेव्हलपमेंट फंडाचे 10 कोटी डॉलर होते, त्याच्या हिशोबाने हा विसावा भाग झाला. आधी भारतात शिकून गेलेल्यांपासून सुरू करा, स्कॉलरशिपवाले, आयटेकचं (परदेशी लोकांसाठी भारत सरकारचा प्रशिक्षण कार्यक्रम) ट्रेनिंग घेतलेले, कारण त्यांची नावं तुमच्याकडे आहेतच. अट एकच ठेवा, की धंद्याने वस्तीतला एखादा प्रश्न सोडवला पाहिजे, कचरा, पाणी, शेतमाल, काहीही. पैसे दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता काम डोळ्यांनी बघून. किमान पात्रता तपासा आणि मग लॉटरी काढा, वशिल्याला जागाच राहत नाही. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या देशांमध्ये आपण छोटे क्विक इम्पॅक्ट प्रोजेक्ट करतोच, तेव्हा छोट्या रकमा वाटायची सवय मंत्रालयाला नाही असं कोणी सांगू नये.

आणि दिल्लीत याची फाइल फिरायला वेळ लागणार असेल तर निदान इथल्या हाय कमिशनमध्ये कोणत्या खिडकीवर जायचं ते कळवा, दहा-बारा अर्ज माझ्याकडे तयार आहेत, हिशोब मी स्वतः तपासलेत.

आपला,
नैरोबीतला एक मराठी हिशोबनीस