जुना कॉम्प्युटर जपायचा तर त्याला स्वतंत्र ड्राइव्ह द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून कोल्हापुरातल्या आमच्या उद्यमनगरात जुने कॉम्प्युटर भंगारात निघालेत. परवा शेजारच्या शेडमधून तीन डबे हातगाडीवरून जाताना बघितले आणि हे पत्र लिहायला बसले. त्यातल्या एकावर त्यांचं दहा-बारा वर्षांचं ड्रॉइंगचं काम होतं. नव्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर चालत नाही, म्हणून सोडून दिलं म्हणाले. फार वाईट वाटलं, कारण ते सोडावं लागत नाही. आम्ही सोडलं नाही.

आमचं पॅटर्न (ओतकामासाठीचे नमुने) आणि डायचं (साच्यांचं) छोटं वर्कशॉप आहे. एक व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं कटिंगचं मशीन, एक लेथ, चार माणसं. माझे मिस्टर २०१६ साली गेले. व्हीएमसीचे प्रोग्रॅम तेच करायचे, विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर. व्हीएमसीच्या कंट्रोलची, म्हणजे तिच्या आतल्या कॉम्प्युटरची, मेमरी २५६ केबी आणि एका पॅटर्नचा प्रोग्रॅम सात-आठ एमबीचा. तो मशीनमध्ये मावत नाही, केबलमधून ओळ-ओळ सोडत राहावा लागतो, आणि आमच्याकडचं सोडणारं सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं आहे. प्रोग्रॅममध्ये कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही, ते माणसासाठी असतं. मिस्टरांनी तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलंय. ‘इथं हळू घे, मागच्या वेळी टूल तुटलं.’ ‘हा कोपरा हातानं फाईल कर.’ असे चारशेच्या वर प्रोग्रॅम आहेत.

२०२२ मध्ये त्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क टकटक वाजायला लागली. पुतण्यानं लगेच तिची हुबेहूब प्रत काढली आणि ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून त्यात ती बसवली. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कॉम्प्युटरच्या आत खिडकीत दुसरा कॉम्प्युटर चालतो. त्याची अख्खी हार्डडिस्क म्हणजे बाहेरच्या कॉम्प्युटरच्या लेखी एक मोठी फाईल. त्या खिडकीत मिस्टरांचा तोच डेस्कटॉप, त्याच फोल्डरांसकट उघडला तेव्हा मला बोलता आलं नाही. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, म्हणून आतल्या मशीनचं नेटवर्क पुतण्यानं बंदच ठेवलं. तेही सर्वांनी करावं.

चूक झाली ती जागेची. नव्या कॉम्प्युटरला एकच एसएसडी (न फिरणारी, वेगवान ड्राइव्ह) होती, २५६ जीबीची. विंडोजमध्ये ती २३८ दिसते. व्हर्च्युअलबॉक्स नवीन मशीन सहसा सी ड्राइव्हवर, यूजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. तिथंच विंडोज, तिथंच टॅली, तिथंच व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली ड्रॉइंगं. शिवाय व्हर्च्युअल मशीनची फाईल स्थिर नसते. आतून हार्डडिस्क ८० जीबीची दिसत असली तरी बाहेरची फाईल २३ जीबीपासून सुरू झाली आणि वापरागणिक वाढत गेली. आतलं काही डिलीट केलं म्हणून ती आपोआप आकसत नाही. त्यात पुतण्या प्रत्येक बदलाआधी स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्या क्षणाची स्थिती धरून ठेवायची. स्नॅपशॉट घेतला की पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फाईलमध्ये जातं. पाच स्नॅपशॉटनी किती जागा खाल्ली ते आमच्या लक्षातच आलं नाही.

एका रात्री पावणेतीनला ऑपरेटरचा फोन आला. ‘वहिनी, मशीन उभं राहिलंय. स्पिंडल फिरतोय, पण पुढं सरकंना.’ बाहेरच्या विंडोजनं रात्री अपडेट उतरवलं आणि सी ड्राइव्हमध्ये जागाच उरली नाही. मशीनच्या फाईलमध्ये आणखी लिहिता येईना, तेव्हा व्हर्च्युअलबॉक्सनं आतला एक्सपी जागच्या जागी थांबवला. डेटा खराब होऊ नये म्हणून तो तसं करतो, ते योग्यच आहे. पण केबलमधून येणाऱ्या ओळी थांबल्या आणि टूल जिथं होतं तिथंच अ‍ॅल्युमिनियमवर घासत राहिलं. सकाळी त्या जागेवरून बोट फिरवलं तर नखाला लागेल एवढी खाच. फाउंड्रीवाले त्याच दुपारी पॅटर्न न्यायला येणार होते. तो नव्यानं करावा लागला.

ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता त्यांनी नवीन मोठा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं. पैसे नव्हते. मग आम्ही आमच्या वाटेनं गेलो आणि त्या वाटेवर आणखी चुका केल्या. त्या सांगते, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या होतील.

आधी पुतण्यानं व्हर्च्युअलबॉक्स काढून बाहेरच्या हार्डडिस्कवर इन्स्टॉल केला. काही फरक पडला नाही. सॉफ्टवेअर अगदी थोडी जागा घेतं, मोठी असते ती मशीनची फाईल, आणि ती सी मध्येच राहिली. मग ती फाईल ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्यायला गेलो. जागा मोकळी दिसते, फाईल मात्र घेत नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉर्मॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, हे त्या दिवशी कळलं. विंडोजवर एवढ्या मोठ्या फाईलसाठी ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉर्मॅट करावी. नंतर यूएसबीच्या फिरत्या हार्डडिस्कवर ठेवून चालवलं. चालतं, पण एक्सपी सुरू व्हायला चार मिनिटं. अशी मशीन डिस्कवर सतत इथं थोडं, तिथं थोडं वाचत-लिहीत असते आणि फिरत्या डिस्कचं हेड त्यामागं धावून दमतं. मग एक दिवस झाडताना वायरला धक्का लागला, ड्राइव्ह निसटली आणि आतल्या एक्सपीनं पुढच्या वेळी डिस्क तपासायला पाऊण तास घेतला. त्या पाऊण तासात मी खुर्चीवरून उठले नाही.

शेवटी राजारामपुरीतून ५०० जीबीची साधी साटा (डब्यात केबलनं जोडायची) एसएसडी आणली. तेव्हा साडेतीन हजारांच्या आत मिळाली. आमच्या कॅबिनेटमध्ये तिच्यासाठी जागा आणि पॉवरचा जोड आधीपासून होता, फक्त साटाची केबल वेगळी घ्यावी लागली. पुतण्यानं तिला व्ही हे अक्षर कायमचं देऊन टाकलं. बाहेरून लावलेल्या ड्राइव्हचं अक्षर कधी बदललं की व्हर्च्युअलबॉक्सला मशीन सापडत नाही आणि माणूस घाबरतो की सगळं गेलं. गेलेलं नसतं, पत्ता चुकलेला असतो. हे लॅपटॉपवर यूएसबी एसएसडी वापरणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावं.

हलवताना फाईल ओढून नेली नाही. आतला एक्सपी नीट शटडाउन केला. नुसती खिडकी बंद करून स्थिती सेव्ह करणं वेगळं. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या नावावर राइट क्लिक करून ‘मूव्ह’ निवडलं, म्हणजे स्नॅपशॉटसकट सगळं एकत्र जातं. हे अर्धं-अर्धं हातानं केलं तर स्नॅपशॉटच्या फाईलींची साखळी तुटते. सेटिंगमध्ये नव्या मशीनचं नेहमीचं फोल्डरही व्ही वर करून घेतलं. जुने स्नॅपशॉट एक ठेवून बाकी काढले. आता एक्सपी मिनिटाच्या आत उठतो. बाहेरच्या विंडोजनं सी वर काय हवा तो पसारा करावा, मिस्टरांच्या मशीनच्या जागेला त्याचा हात लागत नाही.

दुसरी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, एवढं मात्र समजून घ्यावं. दोन्ही एकाच डब्यात आहेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरजवळ आमच्या नणंदेच्या ऑफिसात पाणी शिरलं. कॉम्प्युटर टेबलाखाली होता. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ आहे, पण डबा टेबलावर ठेवायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. म्हणून मी दर शनिवारी काम संपल्यावर आतलं मशीन पूर्ण बंद करते आणि त्याचं अख्खं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ती पर्समध्ये घालून घरी नेते.

आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या कराव्यात म्हणून हे लिहिलं. कॉम्प्युटर विकणाऱ्यांनी गिऱ्हाईकाला आधी विचारावं की जुनं काही चालवायचं आहे का, आणि असेल तर एकाच २५६ जीबीच्या ड्राइव्हवर त्याची बोळवण करू नये. आणि आयटीआय, पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी व्हर्च्युअल मशीन शिकवताना ती कुठं ठेवायची हेही पहिल्याच तासाला शिकवावं. आमच्या पुतण्याला कॉलेजात चालवायला शिकवलं होतं, जागेबद्दल कुणी बोललं नव्हतं.

उद्यमनगरातल्या कुणाला आपला जुना कॉम्प्युटर टाकायचा असेल तर टाकण्याआधी निदान त्याची हार्डडिस्क काढून ठेवा. प्रत नंतर सावकाश काढता येते.

आपली,
एक वर्कशॉप चालवणारी वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर