ध्वनिसंयोजन प्रात्यक्षिक : शनिवारी, सकाळी १० वाजता

पहिल्या वर्षाच्या सर्व नाट्यविद्यार्थ्यांसाठी,

पहिलं प्रात्यक्षिक येत्या शनिवारी विभागाच्या नाट्यगृहात आहे. पावणेदहालाच या, कारण यंत्रणा चालू करण्यापासून शिकायचं आहे.

- चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट. क्रम चुकला की स्पीकरमधून 'धप्प' आवाज येतो, कधी स्पीकरच कामातून जातो.
- कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून मिळणारी वीज) देण्याआधी त्या चॅनेलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घ्या.
- केबल कोपराभोवती गुंडाळायची नाही. आतल्या तारा पिळवटतात.

बराचसा वेळ मागच्या रांगांवर जाईल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचापासून १७ मीटरवरच्या प्रेक्षकाला तो ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. त्या प्रेक्षकाजवळचा स्पीकर त्याआधी वाजला, तर नट समोर आणि संवाद भलतीकडून! त्यासाठी डिले कसा लावायचा, म्हणजे त्या स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा कसा सोडायचा, ते प्रत्येकाने स्वतः करून, मागे बसून ऐकायचं आहे.

सोबत हेडफोन आणि एका प्रवेशाची संहिता आणा, ध्वनीच्या जागा पेन्सिलनेच खुणावलेल्या. तालमीत क्यू (ध्वनी कधी सुरू-बंद करायचा त्या जागा) बदलतातच. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा.

येणं जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत वर्गप्रतिनिधीला कळवा.