तीन फॉरवर्ड उभे केले म्हणजे आक्रमण होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुब्रतो करंडकाच्या जिल्हा फेऱ्या आणि शालेय स्पर्धांमुळे पावसाळ्यात नाशिकची मैदाने फुटबॉलने गजबजतात. बरेच संघ ४-३-३ रचनेत (चार बॅक म्हणजे बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) उतरतात आणि तीन फॉरवर्ड दिसले की लगेच त्या संघाला ‘आक्रमक’ म्हटले जाते. हे मला पटत नाही. रचनेचे आकडे खेळाडू कुठे उभे राहतात तेवढेच सांगतात. बॉल मिळाल्यावर कोण कुठे धावतो आणि त्याच्या मागून कोण येतो, आक्रमण त्यावर ठरते.

नेहमी दिसते ते असे: तिघे फॉरवर्ड समोरच्या बॅकना चिकटून एका ओळीत थांबतात, स्टॉपर, म्हणजे मधले दोन बॅक, आपल्या डीजवळच (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राजवळच) राहतात. मधल्या ४० मीटरमध्ये तीन मिडफिल्डर धावून दमतात. लांब किक पुढे जाते आणि तितक्याच वेगाने परत येते, कारण निसटलेला बॉल उचलायला जवळ कोणी नसते. याचा इलाज मागून सुरू होतो. बॉल मध्यरेषेपलीकडे गेला की स्टॉपरनी मध्यरेषेपर्यंत यायचे आणि गोलकीपरने डीच्या बाहेर. स्टॉपर ते स्ट्रायकर (मधला फॉरवर्ड) हे अंतर ३०-३५ मीटरच्या आत हवे.

विंगरनी, म्हणजे कडेच्या दोन फॉरवर्डनी, सुरुवातीला टचलाइनजवळच (मैदानाच्या बाजूच्या रेषेजवळच) राहावे, म्हणजे समोरचे बॅक फाकतात. स्ट्रायकरने ८-१० मीटर मागे यावे. समोरचा स्टॉपर त्याच्यामागोमाग आला तर पाठीमागे मोकळी झालेली जागा विंगरची. नाही आला तर स्ट्रायकरला वळायला वेळ मिळतो. मात्र विंगरने धाव पास देणाऱ्याची मान वर झाल्यावर घ्यायची. आधी निघाला की ऑफसाइड (पास निघताना बॉलच्या आणि समोरच्या शेवटच्या बॅकच्याही पुढे असणे) ठरलेलाच.

गोलरेषेपर्यंत पोचलेला विंगर बहुधा उंच क्रॉस मारतो आणि तो कीपरच्या हातात जातो. त्यापेक्षा बॉल जमिनीवरून मागे, ११ मीटरवरच्या पेनल्टी स्पॉटकडे द्यावा. एकाने जवळच्या खांबाकडे जाऊन बॅकना ओढायचे, दुसऱ्याने स्पॉटवर यायचे, तिसऱ्याने डीच्या कडेला थांबायचे. मागचे दोघे बॉलच्याही मागे असल्याने त्यांना ऑफसाइड लागत नाही. हा सराव आपल्याकडे इतका कमी का होतो, हे खरोखर कळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोन्ही साइड बॅक (कडेचे बचावपटू) एकदम वर जाणे. बॉल गेला की दोन स्टॉपर उघडे पडतात. एक साइड बॅक वर गेला तर दुसऱ्याने आत सरकून स्टॉपरजवळ राहावे आणि एका मिडफिल्डरने त्यांच्यापुढे उभे राहावे. आक्रमणाला सहा जण उरतात, ते पुरेसे आहेत. ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक ४-२-४ ने जिंकला तेव्हा डावा विंगर झागालो मागे येऊन मिडफिल्ड भरत असे. चार फॉरवर्ड परवडले ते त्याच्या पायांच्या जोरावर.

आपल्या काळ्या मातीवर पाऊस पडला की चिखलात थ्रू पास (बॅकच्या मधून पुढे मोकळ्या जागेत दिलेला पास) अर्ध्यात थांबतो. अशा दिवशी कीपरपासून छोटे पास करत यायचा हट्ट सोडावा. लांब बॉल मधोमध न मारता एका कडेला मारावा आणि तो पडेल तिथून १५ मीटरच्या आत आपले चार जण आधीच असावेत. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, हेही मुलांना सांगायला हवे. चिखलात ती मोठी संधी असते.

आपल्या क्रीडा पानावर शालेय सामन्यांचा निकाल आणि गोल करणाऱ्याचे नाव छापून येते. सोबत तो गोल कुठल्या बाजूने, कोणाच्या पासवर आणि बचावातल्या कुठल्या चुकीमुळे झाला, एवढ्या दोन ओळी द्याव्यात ही विनंती. मुले आणि त्यांचे प्रशिक्षक त्या नक्की वाचतील.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, नाशिक