सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

हिंगणघाट, जि. वर्धा

प्रिय गजा,

सप्रेम नमस्कार. आत राहायची सोय असलेली तुझी गाडी पावसाळाभर कोठ्याशेजारी टिनाच्या शेडात उभी होती, १ ऑक्टोबरला ताडोबाच्या जंगलाचा कोअर (आतला भाग) पर्यटकांसाठी उघडला, आणि आता तिच्यातला जनरेटर सेल्फ घेतो पण पकडत नाही म्हणतोस. पहिलं काम म्हणजे सेल्फ मारणं थांबव बावा. एका वेळी ५ सेकंद, मग मिनिटभर दम. सारखा मारत राहिलास तर बॅटरी बसेल, सेल्फ तापेल आणि स्पार्क प्लग पेट्रोलनं भिजेल. मग मूळ बिघाड कोणता अन् आपण केलेला कोणता, हेच कळेनासं होतं. एसी, इंडक्शन, सगळा लोड बंद ठेव.

सेल्फ फिरतो म्हणून बॅटरी ठीक, असंही धरू नको. मीटर लाव. बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. गेलं तर बॅटरीला दोष देण्याआधी अर्थची वायर चासीला जिथं बोल्टनं आवळली आहे ती जागा पाहा. पावसाळ्यात तिथं गंज धरतो. झिरोचा पॉलिश पेपर मारून परत आवळ.

आता ऑइल, कारण हेच लोक पाहत नाहीत. तुझ्यासारख्या २०० सीसीच्या इंजिनात ऑइल जेमतेम ०.६ लिटर. लेव्हल उतरली की आतला सेन्सर ठिणगीच तोडतो. इंजिन फिरतं, पण पेटत नाही. गाडी एका अंगाला कललेली असेल तर ऑइल पुरेसं असूनही तोच प्रकार होतो. म्हणून आधी गाडी सपाट जागी घे. ऑइल मोजायची काडी पुसून नुसती आत टाकून पाहा, आटे फिरवू नको. आणि कमी आहे म्हणून भसाभस ओतूही नको. जास्त झालेलं ऑइल एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

यानंतर प्लग काढ. अर्धं निदान इथंच होतं. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही, नाहीतर चोक ओढून ओढून इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. तसं असेल तर प्लग पूस, चोक उघडा ठेव, अर्धा तास थांब. गॅप ०.७ ते ०.८ मिमी पाहिजे. ठिणगी पाहताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनला टेकव, पण सिलिंडरच्या भोकापासून अन् सांडलेल्या पेट्रोलपासून दूर. ठिणगी निळी, कडक हवी. नसेलच, तर ऑइल सेन्सरची वायर (बहुतेक पिवळी असते) तपासणीपुरती सोड. लगेच ठिणगी आली तर ठिणगीची कॉइल विकत घेऊ नको, दोष सेन्सरचा नाहीतर ऑइलचा. तरीही आली नाही तर उंदरांनी वायर कुरतडली का पाहा. कोठ्याजवळ ते आलंच.

पण माझा खरा संशय पेट्रोलवर आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट खाली बसतं. कार्ब्युरेटर पेट्रोल घेतो ते टाकीच्या तळातूनच! थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेव. तळाला वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी कर. ताजं ओतून पातळ करायचा मोह नको. काढलेलं विहिरीजवळ ओतू नको, एवढं सांगायला नको.

मग टाकीचा कॉक बंद करून, बॅटरीची वायर सोडून, दहा नंबरच्या पान्यानं कार्ब्युरेटरची वाटी (खाली पेट्रोल साठतं ती) उतरव. मधला पितळी जेट (बारीक भोकाची, पेट्रोल सोडणारी नळी) काढून उजेडाकडे धर. आरपार गोल भोक दिसलं पाहिजे. बुजलं असेल तर कार्ब क्लीनर मार आणि तांब्याच्या वायरची एक तार फिरव. सुई घालू नको, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं काळा धूर ओकतं. फ्लोटची सुई (वाटीत येणारं पेट्रोल अडवते ती) मोकळी हलते ना, तेही पाहा. वाटीचा रबर फुगला असेल तर नवाच टाक.

जनरेटर चालू होऊन काही मिनिटांत बंद पडला तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय का, तेही टॉर्चनं बघ.

पहिल्यांदा चालू करशील तेव्हा गाडी शेडाबाहेर काढून कर, खिडक्या लावून आत बसू नको. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुढं महिन्यातून एकदा जनरेटर अर्ध्या लोडवर तास-दोन तास चालव, आणि गाडी उभी ठेवताना कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे.

प्लग ओला निघाला की कोरडा, आणि इंजिनवरचा मॉडेल नंबर, एवढं कळव. जेट लागलाच तर इथून चिमूरच्या एसटीत ठेवून देतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुध्या